अन्ननळीतली वेगळी गाठ: तुकडा, रिपोर्ट आणि पुढचा अंदाज

अन्ननळीचा कॅन्सर शंभरातल्या पंचाण्णवाहून जास्त वेळा दोनच जातींचा असतो: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या चपट्या पेशींचा) किंवा ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा). ठेल्याठेल्यावर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटला जातो त्या आपल्या विदर्भात स्क्वॅमसच जास्त. हा लेख उरलेल्या गाठींबद्दल आहे. त्या इतक्या कमी दिसतात की तालुक्याच्या डॉक्टरच्या हाताखालून उभ्या नोकरीत एखादीच जाते, आणि म्हणूनच त्यांच्यावर पहिला शिक्का चुकीचा बसण्याची भीती जास्त. यातल्या काहींवर नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. काहींना रोज एक गोळी लागते. काहींमध्ये ऑपरेशनचा उपयोग थोडा आणि केमोचा जास्त. म्हणजे गाठीचं नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

म्हणून एकच धोरण धरा. नाव पक्कं होईपर्यंत अन्ननळी कापू द्यायची नाही, आणि नाव पक्कं करण्यात महिने घालवायचे नाहीत. रुग्णाच्या घरची माणसं आणि ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर, दोघांनाही उपयोगी पडेल अशा क्रमानं पुढं लिहिलं आहे.

नळीची रचना

अन्ननळी साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. दुर्बीण टाकणारा डॉक्टर समोरच्या दातांपासून अंतर मोजतो. १५ सेंटीमीटरला नळी सुरू होते, ४० च्या आसपास जठर लागतं. रिपोर्टात "२५ ते ३० सेंमी" लिहिलं असेल तर गाठ मधल्या भागात आहे, असं समजा.

भिंतीचे थर आतून बाहेर असे: आतलं अस्तर, त्याखालचा सैल थर, मग स्नायूंचा जाड थर आणि बाहेरून सैल वेष्टण. पोटातल्या आतड्यांवर एक गुळगुळीत पातळ पडदा असतो, तो इथं नाही. त्यामुळे अस्तरात जन्मलेला कॅन्सर स्नायू ओलांडला की श्वासनलिका, महाधमनी अशा शेजाऱ्यांपर्यंत लवकर पोचतो. उलट, स्नायूच्या थरात जन्मलेली गाठ बरेचदा अस्तराला नुसती आत ढकलते. दुर्बिणीतून वर गुळगुळीत, निरोगी अस्तर दिसतं आणि खाली फुगवटा. वरचा चिमटाभर तुकडा घेतला तर रिपोर्ट "नॉर्मल" येतो. तो रिपोर्ट खोटा नसतो, फक्त गाठीचा नसतो.

पहिली पायरी: दुर्बीण कधी आणि कशी

"भाकर छातीत अटकते, वरून पाणी प्यावं लागते," ही तक्रार दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली की दुर्बीण, वय काहीही असो. ॲसिडिटीची गोळी तीन-तीन महिने चालू ठेवणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. गोळीनं जळजळ थांबते, अडकणं थांबत नाही, रुग्ण भाकरीवरून वरण-भातावर आणि भातावरून पेजेवर येतो, आणि घरचे म्हणतात, "आता बरं हाये." काय खाल्लं जातं ते दर आठवड्याला कॅलेंडरवर लिहून ठेवा. घन, मऊ, पातळ हा उतार डॉक्टरला फार काही सांगून जातो.

दुर्बिणीआधी ६ ते ८ तास उपाशी राहावं लागतं. अडथळा जास्त असेल तर आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ द्या, नाहीतर नळीत साचलेलं अन्न गाठ झाकतं आणि फुफ्फुसातही जाऊ शकतं. दुर्बीण ठरलेली असताना त्याच दिवशी सकाळी बेरियमचा एक्स-रे काढू नका. बेरियमचा पांढरा लेप पुसता पुसता तपासणी वाया जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

दुसरी पायरी: तुकडा घ्यायचा की नाही

"तुकडा काढला की कॅन्सर पसरते" ही भीती गावात घट्ट बसलेली आहे. अस्तरावरची जखम, फुलकोबीसारखी वाढ, काळा डाग, यांचा तुकडा घेतलाच पाहिजे. त्यानं कॅन्सर पसरत नाही.

गुळगुळीत अस्तराखालचा, हलणारा, टणक फुगवटा मात्र वेगळा. तो बहुधा लायोमायोमा असतो, म्हणजे स्नायूची साधी गाठ. तिथं चिमट्यानं पुन्हा पुन्हा तुकडे काढू नयेत. पसरण्याशी याचा संबंध नाही. चिमट्याच्या जखमेनं अस्तर गाठीला चिकटतं. पुढं सर्जन गाठ सोलून काढायला जातो, तेव्हा एरवी सहज सुटणारं अस्तर तिथंच फाटतं. अशा गाठीसाठी दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी करावी. तिला ईयूएस म्हणतात. गाठ कोणत्या थरात आहे, केवढी आहे, हे त्यात दिसतं. नमुना लागलाच तर त्याच यंत्रातून सुईनं घेता येतो.

दिसणाऱ्या जखमेचे ६ ते ८ तुकडे घ्यावेत, कडेचेही आणि मधलेही. नुसत्या मधल्या भागातून मेलेलं मांस येतं, त्यावर पॅथॉलॉजिस्टला काहीच सांगता येत नाही. दोन जागी दोन वाढी असतील तर दोन बाटल्या.

तिसरी पायरी: बाटली

या पायरीवर सगळ्यात स्वस्त चूक होते आणि ती सगळ्यात महाग पडते. तुकडा २-३ मिलिमीटरचा असतो. तो गॉजवर वाळला, सलाईनमध्ये रात्रभर राहिला किंवा स्पिरिटमध्ये टाकला, तर पेशी आकसतात, कुजतात किंवा रंग नीट घेत नाहीत.

हवं ते १० टक्के बफर केलेलं फॉर्मॅलिन. बाजारातलं तीव्र फॉर्मॅलिन १ भाग आणि पाणी ९ भाग, हे प्रमाण. बफरचे क्षार प्रयोगशाळेकडून तयार मिळतात. तुकड्याच्या किमान दहापट द्रावण असावं. तुकडा बाहेर आल्याबरोबर बाटलीत गेला पाहिजे. ६ तासांपेक्षा कमी किंवा ७२ तासांपेक्षा जास्त वेळ फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या नमुन्यावर पुढच्या खास तपासण्या बिघडू शकतात. शनिवारी काढलेला तुकडा मंगळवारी नागपूरला पोचला तर तो काठावरच आहे, हे ध्यानात ठेवा.

लिम्फोमाची, म्हणजे लिम्फ पेशींच्या कॅन्सरची, शंका असेल तर एक जास्तीचा तुकडा सलाईनमध्ये, त्याच दिवशी पोचेल अशा रीतीनं पाठवतात. त्यासाठी आधी प्रयोगशाळेला फोन करा.

चिठ्ठी बाटलीच्या अंगावर चिकटवा, झाकणावर नाही, झाकणं बदलतात. नाव, वय, नोंदणी क्रमांक, जागा, दातांपासूनचं अंतर आणि वेळ लिहा. फ्रीजरमध्ये ठेवू नका. बर्फाचे कण पेशी फोडतात.

सोबतच्या कागदावर "गिळायला त्रास" एवढंच लिहिलेलं आढळतं. निदान इतकं तरी लिहा: त्रास किती दिवसांपासून, वजन किती घटलं, गाठ अस्तरावर की अस्तराखाली, रंग काळा की पिवळट, आधी कुठला कॅन्सर झाला होता का (स्तन, फुफ्फुस, त्वचा), टीबी, एचआयव्ही, आणि खर्रा-बिडी-दारू. शेवटच्या मुद्द्यावर एक इशारा. सुपारी आणि तंबाखू यांचा संबंध स्क्वॅमस कॅन्सरशी आहे; जीआयएसटी (पचननळीच्या भिंतीतली एक वेगळी गाठ) किंवा लायोमायोमाशी नाही. रुग्ण खर्रा खातो म्हणून गाठ स्क्वॅमसच, असं कोणी गृहीत धरू नये, आणि खात नाही म्हणून काही नसणार, असंही नाही.

चौथी पायरी: रिपोर्ट कसा वाचायचा

पहिला रिपोर्ट साध्या गुलाबी-जांभळ्या रंगावरून येतो. त्यात "पुअरली डिफरन्शिएटेड मॅलिग्नन्सी", "स्पिंडल सेल लीजन", "राउंड सेल ट्यूमर" किंवा "आयएचसी ॲडव्हाइज्ड" यांपैकी काही लिहिलं असेल, तर अर्थ सरळ आहे: नाव अजून ठरलेलं नाही. या कागदावर केमो किंवा ऑपरेशन सुरू होऊ नये.

आयएचसी म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून तिचं गोत्र शोधणं. एकच रंग कधी पुरत नाही, चार-सहांचा संच लावतात. साधारण जोड्या अशा. पी४० आणि सायटोकेरॅटिन रंगले तर स्क्वॅमसच्या घराण्यातली. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन म्हणजे न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची. सीडी११७ आणि डॉग-१ म्हणजे जीआयएसटी. डेस्मिन आणि स्मूथ मसल ॲक्टिन म्हणजे स्नायू. एस-१०० आणि सॉक्स-१० रंगले, तर मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर), ग्रॅन्युलर सेल किंवा श्वानोमा (दोन्ही मज्जातंतूच्या आवरणातल्या गाठी). मेलॅनोमा असेल तर एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए पुढं साक्ष देतात. सीडी४५ म्हणजे लिम्फोमाकडं चला. केआय-६७ हा आकडा पेशी किती वेगानं वाढताहेत ते सांगतो.

पाचवी पायरी: प्रत्येकीची ओळख, आणि कुठं फसगत होते

लायोमायोमा ही सौम्य गाठींमधली सगळ्यात जास्त दिसणारी. बहुतेक खालच्या दोन तृतीयांश भागात असते. लहान आहे, त्रास नाही, तर ठरावीक काळानं ईयूएसनं बघत राहणं पुरतं. त्रास देणारी किंवा वाढणारी गाठ सोलून काढतात, अन्ननळी शाबूत राहते. तिचा कॅन्सर होणं अगदीच विरळ. फसगत अशी की या गाठीत मास्ट पेशी (ॲलर्जीत काम करणाऱ्या पेशी) विखुरलेल्या असतात आणि त्याही सीडी११७ ला रंगतात. घाईत बघणारा त्यावरून "जीआयएसटी" लिहून मोकळा होतो. डेस्मिन रंगलं आणि डॉग-१ नाही, तर ती लायोमायोमाच.

जीआयएसटी जठरात नेहमीची, अन्ननळीत फार कमी. दिसायला लायोमायोमाची जुळी बहीण, वागायला वेगळी. ती नुसती सोलून भागत नाही, पूर्ण काढावी लागते, कारण कवच फुटलं तर पेशी सांडतात. रिपोर्टात दोन गोष्टी शोधा: आकार आणि ५ चौरस मिलिमीटरमधली पेशीविभाजनं. ५ सेंटीमीटरहून मोठी आणि विभाजनं ५ हून जास्त, तर धोका मोठा. ऑपरेशनमध्ये गाठ फुटली, तरी धोका मोठाच. अशा रुग्णाला इमॅटिनिब ही गोळी ४०० मिलिग्रॅम रोज, किमान ३ वर्षं. गोळी चालू करण्याआधी जनुक तपासणी मागा. किट जनुकाच्या एक्सॉन ११ या तुकड्यात बदल असेल तर गोळी छान लागू पडते, एक्सॉन ९ ला मात्रा वाढवावी लागू शकते, आणि पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकातला डी८४२व्ही बदल असेल तर इमॅटिनिबचा उपयोग होत नाही. गोळी गिळता येत नसेल तर ४०० ची गोळी सुमारे २०० मिलिलिटर पाण्यात ढवळून, विरघळल्यावर लगेच, जेवणासोबत पाजता येते.

ग्रॅन्युलर सेल ट्यूमर: खालच्या भागात, पिवळट पांढरी, टणक, बहुधा २ सेंटीमीटरहून लहान. शंभरात एक-दोनच घातक निघतात. पण सगळ्यात वाईट फसगत इथंच होते. या गाठीवरचं अस्तर चिडून खाली मुळं सोडल्यासारखं वाढतं आणि वरवरच्या तुकड्यात ते हुबेहूब स्क्वॅमस कॅन्सरसारखं दिसतं. दुर्बिणीत लहान, पिवळी, गुळगुळीत गाठ आणि रिपोर्टात "वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस", अशी विसंगती दिसली की थांबा. खालच्या थराचा तुकडा आणि एस-१०० मागा. एवढ्या एका रंगानं एखाद्याची अख्खी अन्ननळी वाचू शकते.

व्हेरुकस कार्सिनोमाची गंमत याच्या उलट. चामखिळीसारखी पांढरी, खरखरीत वाढ डोळ्यांना स्पष्ट कॅन्सर दिसते आणि रिपोर्ट तीन-तीनदा "कॅन्सर नाही" असा येतो. वरचा थर खरंच साधाच असतो. आक्रमण खोलवर, रुंद मुळांनी होतं. इथं मोठा, खोल नमुना लागतो. ही हळू वाढते आणि दूर फारशी जात नाही, पण दुर्लक्ष केलं तर जागच्या जागी नळी बंद करते. जुना अकॅलेशिया, म्हणजे नळीचं खालचं तोंड न उघडण्याचा आजार, असलेल्या माणसात ती आठवावी.

स्पिंडल सेल कार्सिनोमा, जुन्या रिपोर्टांत कार्सिनोसार्कोमा: नळीच्या आत देठावर लोंबणारी मोठी गाठ. पाहून लोक घाबरतात. पण ती आतल्या बाजूला वाढत असल्यानं घास लवकर अडकतो आणि काही रुग्ण भिंतीत खोल जाण्याआधी सापडतात. अशांचं भवितव्य त्या आकाराच्या मानानं बरं असू शकतं. सार्कोमा समजून वेगळी केमो सुरू होऊ नये यासाठी पी४० आणि सायटोकेरॅटिन बघायचं. लांबट पेशींच्या कडेला स्क्वॅमसचा एखादा तुकडा सापडतो, तोही शोधायचा.

बेसलॉइड स्क्वॅमस, म्हणजे स्क्वॅमसचीच एक उपजात, लहान तुकड्यात स्मॉल सेल किंवा ॲडिनॉइड सिस्टिक (लाळग्रंथीत दिसणारी गाठ) म्हणून खपते. पी४० ठळक रंगलं आणि न्यूरोएंडोक्राइन रंग नाहीत, की गुंता सुटतो.

स्मॉल सेल कार्सिनोमावर, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन घराण्यातल्या आक्रमक कॅन्सरवर, थोडं थांबू, कारण इथं उशिराची किंमत जबर आहे. पेशी लहान, गडद, नाजूक. चिमट्यात चिरडून त्यांचे निळे ओघळ होतात आणि रिपोर्ट "क्रश आर्टिफॅक्ट" म्हणून परत येतो. तसं झालं तर त्याच आठवड्यात पुन्हा तुकडा. केआय-६७ व्याख्येनं २० टक्क्यांच्या वर, प्रत्यक्षात बरेचदा खूपच जास्त. छातीचा सीटी करून फुफ्फुसातून आलेली नाही ना, हे बघावं लागतं. टीटीएफ-१ हा रंग दोन्हीकडच्या गाठींत येऊ शकतो, त्यावर विसंबू नका. निदान होईपर्यंत आजार बरेचदा पसरलेला असतो, म्हणून मुख्य उपचार केमो: सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनसोबत इटोपोसाइड, दर २१ दिवसांनी, ४ ते ६ फेऱ्या. आजार छातीतच असेल तर रेडिएशनची जोड. नेहमीच्या अन्ननळी कॅन्सरला पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन दर आठवड्याला आणि रेडिएशन देतात, तो साचा इथला नाही. पहिल्या फेरीनं गिळणं चटकन सुधारतं आणि घरच्यांना बरं झाल्यासारखं वाटतं. उरलेल्या फेऱ्या सोडू नका, हा आजार उलटतो. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात १००.४ फॅरनहाइटवर ताप गेला तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

न्यूरोएंडोक्राइन हाच शब्द असलेली पण शांत वागणारी दुसरी गाठ असते, नेट (न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर). केआय-६७ ३ टक्क्यांखाली म्हणजे ग्रेड १, ३ ते २० म्हणजे ग्रेड २. रिपोर्टात फक्त "न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर" एवढंच असेल तर ग्रेड आणि आकडा मागून घ्या. या दोन गाठींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मेलॅनोमा: मधल्या-खालच्या भागात काळी, मऊ, लोंबणारी गाठ. काही बिनरंगीही असतात, त्या इतर कशासारख्याही दिसतात. आधी त्वचा, डोळे, तळपाय, गुदद्वार तपासून बाहेरून आलेली नाही हे बघतात. अंदाज वाईट, ऑपरेशन करूनही बरेच रुग्ण एक-दोन वर्षांपलीकडं जात नाहीत. इम्युनोथेरपीचा काहींना फायदा होतो.

लिम्फोमा अन्ननळीत क्वचितच. मिळाला तर ऑपरेशन नको, तो औषधांचा आजार आहे. मोठ्या बी पेशींच्या प्रकाराला आर-चॉप (रितुक्सिमॅब आणि केमोचा संच) देतात आणि बरे होणारे रुग्ण पुष्कळ. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही तपासलाच पाहिजे, कारण रितुक्सिमॅबनं दबलेला हिपॅटायटिस बी उसळतो.

गळ्याजवळून उगवणारा लांब, मांसल पॉलिप कधी खोकल्यासरशी तोंडात येतो. ऐकायला विचित्र, पण त्यानं श्वास कोंडून मृत्यू येऊ शकतो. वरचं अस्तर निरोगी असल्यानं दुर्बीणही त्याला भिंत समजून पुढं जाते. पूर्वी सगळ्यांना फायब्रोव्हॅस्क्युलर पॉलिप म्हणत. आता कळतं की मोठ्यांपैकी बरेच खरं तर लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा कॅन्सर, असतात. एमडीएम२ या जनुकाची तपासणी करावी आणि वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं, कारण ते त्याच जागी परत येतात.

शेवटी, गाठ नसलेली "गाठ": टीबी. छातीतल्या लिम्फ गाठींचा टीबी अन्ननळीला दाबतो, कधी आत फुटतो आणि कॅन्सरसारखी जखम करतो. रिपोर्टात "ग्रॅन्युलोमा" शब्द असेल तर तुकड्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधणारी, तपासणी करून घ्या. औषधांनी हा बरा होतो.

सहावी पायरी: दुसरं मत, ब्लॉकसकट

दुर्मिळ नाव आलं की दुसरं मत घ्यावंच, त्यात पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही. दुसऱ्या ठिकाणी रिपोर्टाचा कागद नेऊन उपयोग नाही. काचा (तुकड्याचे रंगवलेले पातळ काप) आणि मेणाचा ब्लॉक लागतो. ब्लॉक म्हणजे तुमचा तुकडा मेणात बसवलेला छोटा ठोकळा. प्रयोगशाळेत अर्ज करून तो मागता येतो. नंबर रिपोर्टाशी ताडून घ्या आणि पोच द्या.

इथं विदर्भाच्या उन्हाचा एक धोका आहे. हे मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याला उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर सहज जातो. ब्लॉक गाडीत ठेवून जेवायला उतरू नका. जाड डब्यात, अंगाजवळच्या पिशवीत न्या. काचा वर्तमानपत्रात गुंडाळू नका, प्लास्टिकच्या स्लाइड-बॉक्समध्ये ठेवा.

नागपूरला मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. वर्ध्याकडं सेवाग्राम आणि सावंगी, इथं कॅन्सरवरचे उपचार होतात. अगदीच गुंता असेल तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये काचा-ब्लॉक दाखवता येतात. त्यासाठी दरवेळी रुग्णालाच विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसवायची गरज नाही, घरातला माणूस ब्लॉक आणि कागद घेऊन जाऊ शकतो. आधी फोन करून काय काय लागतं ते विचारा.

सातवी पायरी: पसार आणि अंदाज

छाती-पोटाचा रंगद्रव्य टाकून केलेला सीटी सगळ्यांना. पेट-सीटी स्मॉल सेल, मेलॅनोमा, लिम्फोमा यांत विशेष कामाचा. कार्सिनोमा असेल तर टीएनएम (गाठ, लिम्फ गाठी, दूरचा पसार) टप्पा लावतात. टी१ अस्तर किंवा त्याखालच्या थरापर्यंत, टी२ स्नायूत, टी३ वेष्टणात, टी४ शेजाऱ्यात. बाधित लिम्फ गाठी १-२ म्हणजे एन१, ३ ते ६ एन२, ७ पासून एन३. हे कोष्टक लिम्फोमाला किंवा जीआयएसटीला लागू नाही. मामाजीच्या जीआयएसटीचा "टप्पा" शेजारच्या बाईच्या कॅन्सरशी ताडत बसू नका.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात चार ओळी शोधा: कडा मोकळ्या आहेत का (बाजूची गोलाकार कड विशेष), किती लिम्फ गाठी तपासल्या आणि किती बाधित, रक्तवाहिनी किंवा मज्जातंतूत शिरकाव, आणि आधी केमो दिली असेल तर किती पेशी जिवंत उरल्या. कार्सिनोमाच्या ऑपरेशनात किमान १५ गाठी तपासलेल्या असाव्यात. चार दाखवून "नोड निगेटिव्ह" लिहिलं असेल तर त्या निगेटिव्हला वजन कमी.

"डॉक्टरसाहेब, किती दिवस हायेत?" या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर देऊ नये आणि घेऊही नये. दुर्मिळ गाठींचे आकडे थोड्याथोडक्या रुग्णांवरून काढलेले असतात. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. ही गाठ बरी करण्यासाठी उपचार आहे की ताब्यात ठेवण्यासाठी? पहिल्या दोन फेऱ्यांनंतर काय दिसलं तर उपचार चालू, काय दिसलं तर बदल? काहीच केलं नाही तर पहिला त्रास कोणता येईल? डॉक्टर या तिन्हींची उत्तरं देऊ शकतात.

खाणं: उपचाराआधीपासून

महिनाभरात वजन ५ टक्के घटलं तर ऑपरेशन आणि केमो दोन्ही जड जातात. किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. घरातल्या घरात: ज्वारीची आंबील ताकात, गाळलेलं तुरीचं घट्ट वरण तूप घालून, दुधात दूध पावडर, उकडलेलं अंडं दुधात घोटून, भगरीची पेज. नुसतं नारळपाणी आणि मोसंबीचा रस यांनी वजन राहत नाही. दहा दिवसांहून जास्त जवळपास उपाशी असलेल्याला एकदम भरपूर चारू नका. रक्तातले क्षार ढासळून हृदय थांबू शकतं. थायमिन देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळू वाढवायचं.

नाकातून जठरात नळी असेल तर डोकं ३० ते ४५ अंश वर, एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, आधी आणि नंतर ३० ते ५० मिलिलिटर पाणी. नंतर अर्धा-एक तास आडवं व्हायचं नाही. आतड्यात थेट नळी असेल तर एकदम ढोसू नका, थेंबाथेंबानं द्या, नाहीतर पोट मुरडून जुलाब होतात. जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवली असेल तर भाकरीचा कोरडा तुकडा, मटणाचे रेशे, तंतूची भाजी बंद.

पैसा आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि तुकड्याचा रिपोर्ट घेऊन आधी तिथं जा. मंजुरी रिपोर्टातल्या नावावर मिळते, म्हणून आयएचसीचा अंतिम रिपोर्ट जोडा, पहिला अर्धवट नाही. रेल्वे आणि एसटीच्या भाड्यात कॅन्सर रुग्णाला सवलत आहे, तिचा दाखला रुग्णालयातूनच मिळतो.

कधी धावत जायचं

थुंकीही गिळता येत नाही. पाणी पिताच जोरात खोकला येतो, म्हणजे अन्ननळी आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडलं असावं; तोंडानं काहीही देणं थांबवा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. दुर्बीण किंवा स्टेंटनंतर त्याच दिवशी छातीत तीव्र दुखणं, ताप, किंवा मानेच्या कातडीखाली दाबल्यावर कुरकुर आवाज, म्हणजे नळी फाटल्याची शंका. अशा वेळी १०८ लावा, तोंडानं पाणीही देऊ नका, आणि दुर्बिणीचा कागद रुग्णासोबत गाडीत द्या.